अँटिबॉडीचा चोर

ती प्रयोगशाळेत आली तेव्हा फ्रिजचं दार आधीच उघडं होतं. दारामागे समोरच्या प्रयोगशाळेतला तो उंच मुलगा उभा होता. स्नायूंवर संशोधन करायचा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. अंगाने मात्र काडी. त्याच्या हातात तिची कुपी होती.

"ती माझी आहे," ती म्हणाली.

"माहितीये. नाव लिहिलंय ना... अक्षर छान आहे तुमचं."

कुपी अलगद आत ठेवून तो हसला आणि निघून गेला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

कुपीत अँटिबॉडी होती. मेंदूतल्या चेतापेशींच्या फांद्यांमध्ये सूक्ष्म नळ्या असतात. त्यांना धरून राहणाऱ्या प्रथिनाला ती नेमकी चिकटायची, आणि मायक्रोस्कोपखाली अख्खी पेशी हिरवीगार उजळायची. तिचा सगळा प्रबंध त्या थेंबांवर उभा होता. आणि तिने न वापरताच थेंब कमी होत होते!

"स्नायूवाल्याला मेंदूची अँटिबॉडी कशाला?" तिने फोनवर ताईला विचारलं.

"देखणा आहे का गं?"

"चोर आहे!"

"म्हणजे देखणा आहे."

तिने सापळा लावला. खरी कुपी लपवली आणि तिच्या जागी तसल्याच कुपीत मिठाचं पाणी ठेवलं. पैलवान पुन्हा दारात घुटमळताना दिसलाच.

"काय हवंय?"

"पाणी... प्यायला आलो होतो."

"प्रयोगशाळेत?"

"नाही... म्हणजे — चुकलंच." त्याचे कान लालबुंद झाले. चोराच्या मनात चांदणं, ती मनात म्हणाली.

पण दोनच दिवसांनी तिच्या मार्गदर्शक मॅडम आल्या. "अगं, तुझी अँटिबॉडी बिघडली वाटतं. मैत्रिणीच्या लॅबला अधूनमधून थोडी देत होते. काल तिला काहीच दिसलं नाही."

कुंपणच शेत खात होतं! तिने मिठाच्या पाण्याचं सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा उतरला. "तुला विचारायला हवं होतं मी. नवी मागवते."

ती तडक समोरच्या खोलीत गेली. "त्या दिवशी कुपी तुमच्या हातात कशी?"

"मॅडम टेबलावर विसरल्या होत्या. ऊन येत होतं, म्हणून आत ठेवली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याच मॅडमची चहाडी तुमच्याकडे करू?"

तिचा संशय अजून पुरता विझला नव्हता. "पण टेबल आमच्या खोलीत. तुम्ही तिथे काय करत होतात?"

त्याचे कान पुन्हा लाल. "तुम्ही मायक्रोस्कोपमध्ये बघताना... एकट्याच हसता. ते बघायला यायचो."

रागवावं म्हटलं, तर राग कुठे गेला कोण जाणे!

"चला," ती एवढंच म्हणाली. त्याला आपल्या खोलीत नेलं, खऱ्या अँटिबॉडीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. "बस."

तो वाकता वाकता थांबला. "बस... की बसा?"

"बस म्हणाले मी," ती म्हणाली, आणि दुसरं स्टूल त्याच्या शेजारी ओढलं.