पाच बाणांचा लाल वीर

कोरलेल्या ठशावरून चित्रं छापणं हे माझं वीस वर्षांचं काम. एका ठशाचे दोनशे कागद सारखेच निघतात. नाही निघाले तर छापणाऱ्याचा हात वाईट. माझा हात वाईट नाही, एदो शहरात कुणालाही विचारा.

त्या वसंतात आमच्या गल्लीत देवीची साथ आली आणि माझ्या सहा वर्षांच्या ओनुईच्या अंगावर फोड उठले. रिवाजाप्रमाणे नुसत्या लाल शाईत छापलेला धनुर्धारी सामुराई मी तिच्या उशाशी, दाराकडे तोंड करून लावला. या वीराला देवीचा रोग घाबरतो म्हणतात. माझा विश्वास नव्हता, पण पोर माझी होती.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, यांच्या भात्यात चारच बाण."

"पाच आहेत गं. मीच छापलेत."

मोजले. चारच होते.

मी ठसा कोरणाऱ्या म्हाताऱ्या तोकुझोकडे धावलो. ठशावर पाच. गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर पाच.

"साके जरा बेतानं घेत जा," तोकुझो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तीन उरले, चौथ्या दिवशी दोन. ताप हटेना. बायकोला, ओतोसेला, मी काही सांगितलं नाही. पण तिची नजर सारखी त्या भात्याकडे जायची.

पाचव्या सकाळी एकच बाण होता. ओनुई डोळे उघडेना. मी स्वतः छापलेल्या कागदाला हात जोडले.

दुपारी ती उठून बसली.

"भूक लागलीय," म्हणाली.

भाता रिकामा होता.

खपल्या पडल्या तसा आम्ही लाल चवळीचा भात गल्लीभर वाटला. तोकुझो डोक्यावर पातेलं घालून सामुराईसारखा नाचला. ओनुई हसून हसून लोळली. इतका आनंद त्या घरानं कधी पाहिला नव्हता.

मग रोग गेल्यावर चित्र नदीत सोडायचा रिवाज म्हणून मी ते काढलं. तेव्हा कागदी दारात पाच बारीक भोकं दिसली. कागद बाहेरच्या बाजूला फाटला होता.

"मांजर असेल," मी म्हणालो.

"आणि हे?" ओतोसेनं विचारलं.

सहाव्या भोकाचा कागद आत फाटला होता. ते ओनुईच्या उशीच्या सरळ रेषेत होतं. उशीला ओरखडाही नव्हता.

मी हातातलं चित्र उन्हात धरलं. वीराच्या छातीतल्या तेवढ्याच भोकातून ऊन आरपार येत होतं.