डोक्यावरची रोवणी

लिफ्टमध्ये तो शिरला तेव्हा डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळलेला होता. नागपुरात मे महिन्यात सगळेच गुंडाळतात, त्यात नवल नाही. पण रामदासपेठेतल्या त्या गारेगार इमारतीतही त्यानं तो सोडला नाही. हळूच विचारलं, "मॅडम, ते केसांचं... कोणत्या माळ्यावर आहे?"

"तिसऱ्या. मी तिथंच काम करते."

तो कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यातच मला आवडला, खोटं कशाला बोलू!

नाव अंकुश. गाव कन्हानजवळ, घरी धानाची शेती. केस लावायच्या ऑपरेशनच्या दिवशी फक्त डोक्यापुरती भूल दिलेली. तो पालथा, तोंड टेबलाच्या भोकात. डॉक्टर मागचे केस मुळासकट काढत होते, मी ते भिंगाखाली निवडत होते. त्याला दिसत होत्या त्या फक्त माझ्या चपला.

"निळ्या चपलावाल्या मॅडम, चूप काहून?"

"तुमची मुळं सांभाळून राहिली मी."

"मंग सांभाळा... जिवापाड!"

रोजचं काम, तरी भिंगाखाली मूळ दिसलं की माझा श्वास अडकतोच. मोहरीहून बारीक, ओलसर, जिवंत! मागचा केस पुढं लावला तरी आपला स्वभाव सोडत नाही. जिथले सगळे गळून गेले, तिथंही टिकून राहतो. एवढीशी गोष्ट, आणि केवढी निष्ठा!

दुपारी तो उताणा झाला. डॉक्टरांनी पाडलेल्या छिद्रांत मी एकेक मूळ बसवू लागले. आता चपला नव्हत्या, डोळे होते.

"ही तर रोवणीच झाली ना मॅडम. आमच्या बांधीत धानाची रोपं अशीच उपटून लावतात."

निघताना मी सगळ्या सूचना सांगितल्या. तो मान डोलवत राहिला.

मग फोन सुरू झाले. "खाज येऊन राहिली..." "खाजवू नका." "बरं... जेवल्या का?" मी फोनची वाट बघायला लागले. आणि एक दिवस फोन बंद झाले. मी केला तर उचलेना. माझा जीव टांगणीला लागला.

एका दुपारी तो दारात उभा. त्यानं दुपट्टा सोडला.

"गळले... सगळे. तुमच्या हातचं सांभाळता नाही आलं मले. कोणत्या तोंडानं फोन उचलू? केस उगवले की एक गोष्ट विचारणार होतो तुम्हाले..."

मला हसू आवरेना, आणि रडूही. "लावलेले केस आधी गळतात, मुळं आत राहतात, काही महिन्यांनी उगवतात. निघताना सांगितलं होतं ना!"

"तवा... मी तुम्हालेच पाहून राहिलो होतो."

"रोवणी झाल्यावर धान पिवळं पडत नाही?"

"पडते."

"मग उपटून फेकतोस? आणि काय विचारायचं ते आत्ताच विचार."

तुम्हीचं तू कधी झालं, मलाच कळलं नाही.

"असं? टकल्यानं?"

"ह्या डोक्याचं एकेक मूळ मी भिंगाखाली पाह्यलं आहे गा. माझ्यापासून काय लपवतो?"

त्यानं विचारलं. मी हो म्हणाले.

धान लोंबीवर आलं तेव्हा तो मला घर दाखवायला घेऊन गेला. बांधावर उभा राहून त्यानं मान झुकवली. "पाह्य वं."

मी तळवा फिरवला. काळी टोकं वर आली होती, मी लावली होती त्याच तिरकेपणानं.

"रडून राहिली काहून?"

"टोचलं," मी म्हणाले. हात मात्र काढला नाही.