मिठाचं पाणी

खऱ्या प्रेमात पडलेल्या माणसाची अन्नावरची वासना उडते, हे सर्वमान्य आहे. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शननेही नेमकं तेच होतं, एवढीच त्यातली अडचण.

गणिताच्या बाईंना लहानपणापासून मधुमेह. इन्सुलिनशिवाय दिवस निघत नसे, आणि वर वजन वाढलेलं. इन्सुलिनच्या जोडीला दर आठवड्याला एक नवी सुई देऊन वजन उतरतं का पाहायचं, अशी चाचणी रुग्णालयात निघाली, तेव्हा त्यांनी नाव दिलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते शेवटी कळणार.

वजनकाट्यावर चढण्याआधी अंगावरचं जड ते काढून रांगेतल्या मागच्याकडे द्यायचं, अशी तिथली रीत. बाईंच्या मागे एक शिंपी होता... त्यांच्याच दुखण्याचा, त्यांच्याच घेराचा. घड्याळ, पर्स, चष्मा, सगळं त्याने ओंजळीत धरलं.

"चष्माही दिलात? मग आकडा कसा दिसणार?"

"म्हणूनच दिला."

पुढच्या खेपेला बाई दाराशी उगाच रेंगाळल्या. शिंपी येताना दिसला, तशा लगबगीने त्याच्या पुढे उभ्या राहिल्या.

मग बाईंचं जेवण सुटलं. घरी तसंच राहिलेलं ताट उचलताना त्यांची मावशी म्हणाली, "औषध लागू पडलंय हो तुला." बाईंनीही तेच धरलं.

एकदा रांगेतच बाईंची साखर उतरली. हात कापू लागले, कपाळावर घाम. शिंप्याने खिशातली ग्लुकोजची गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली... आणि हात काही सोडला नाही. थरथर थांबली, तेव्हा म्हणाला, "बाई, ही चाचणी संपली की तुमचं घड्याळ कोण धरणार? मी धरू... कायमचं?"

पूर्वी एकजण लग्न ठरवून, बाईंच्या वजनाचं कारण देऊन परत फिरला होता.

"मला भूक नाही, झोप नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण हे सगळं औषधाचं असलं तर? औषध थांबेल. मी पुन्हा होते तशी होईन... मग तुम्हीही जाल."

"जेवण तर माझंही सुटलंय."

"तेही औषधाचं असेल. आधी कळू दे."

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना एकदमच आत बोलावलं. "बाई, तुमच्या सुईत मिठाचं पाणी होतं."

बाई शिंप्याकडे वळून म्हणाल्या, "हो."

"आणि यांच्या सुईत औषध," डॉक्टर म्हणाल्या.

शिंप्याने मान खाली घातली. "बाई, भूक गेली ती औषधाने. बाकीचं माझं आहे."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याच्या हाती दिलं. त्या दिवशी वजन करायचं नव्हतं.

औषध थांबल्यावर त्याची भूक परत आली. लग्नाचा कोट त्याला दोनदा उसवावा लागला.