बिनगंजाची गाडी

ही गोष्ट सांगून सांगून माझ्या तोंडाला कोरड पडली. कुणाची हळद असो की बारसं, कोणीतरी खुर्ची सरकवतो आणि म्हणतो, हिरामणकाका, ती लाल गाडीची सांगा. सांगितली की दुसऱ्या दिवशी नाक्यावर वेगळीच ऐकू येते. गाडीत बाई होती म्हणे, बाईचे पाय उलटे होते म्हणे. बाई नव्हती आणि पाय पण नव्हते. शेवटी आमची नेत्रा, माझी नात, वही पुढ्यात टाकून म्हणाली, आजोबा, एकदाची लिहून टाका म्हणजे कटकट मिटेल. मी चौथी नापास. वाचायचं तर वाचा, नाहीतर ठेवा.

आधी मी कोण ते ऐका. मिठागरात जन्मलो. बापाबरोबर बारा वर्षं मीठ ओढलं. मिठागरं बंद पडली तेव्हा वडखळ नाक्यावर गाड्यांचा पत्रा ठोकायला बसलो, तो पंचेचाळीस वर्षं ठोकला. बोटाच्या पेराने वाजवला की पत्रा माझ्याशी बोलतो. चांगला असेल तर टणटण, सडलेला असेल तर ठपठप, आणि पुट्टी भरून वर रंग मारला असेल तर मुका. तरी शंका राहिली तर जीभ लावून बघतो. समुद्राचं पाणी प्यायलेली गाडी कितीही धुवा, दहा वर्षांनी पण तिच्या सांध्यात मीठ सापडतं. लोक हसतात. हसोत. माझी परीक्षा एकदाही चुकलेली नाही, आणि ही फुशारकी आहे हे मला माहीत आहे.

जीवन माझा पुतण्या. त्याचे बंदरावर चार ट्रेलर चालतात. चाळिशीला आला तरी डोक्यात एकच वेड, दोन सीटची, जमिनीला टेकलेली, धावायची गाडी. तशी एक त्याला हरिहरेश्वरला सापडली. मुंबईच्या कुठल्याशा शेटचा बंगला, शेट नाही, गाडी पडून. भाव किती, तर ट्रेलरच्या दहा टायरांचा.

"एवढी स्वस्त का?" मी विचारलं.

"समुद्राकाठी उभी हाय ना सहा वर्षं. लोक गंजाला घाबरतात. म्हणून तर तुला नेतोय, काका."

वैशाखातली संकष्टी होती. वाहन संकष्टीलाच घरी आणायचं हा त्याच्या बायकोचा हट्ट. दोघं माझ्या जुन्या पिकअपमधून सकाळी निघालो, येताना तो नवी गाडी आणणार आणि मी मागून रिकामा येणार. उपास असल्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं.

बंगला सुरूच्या झाडांत होता. कोंडाजी नावाचा राखणदार फाटकाशी उभा होता, पन्नाशीचा, म्हसळ्याकडचा माणूस. फाटकाला हात लावला तर खपल्या हातात आल्या. बिजागरी गळलेली, विहिरीचा रहाट लाल झालेला, पत्र्याच्या छपराची चाळण झालेली. खारा वारा कोणाला सोडत नाही. समुद्र समोरच, पण ओहोटी होती, त्यामुळे आवाज नव्हता. नुसता चिखलाचा वास. भर उन्हात एवढं शांत की माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला.

त्या चाळण झालेल्या छपराखाली गाडी उभी होती. लाल. काल रंगवल्यासारखी. दोन्ही काचा खाली केलेल्या.

मी वाजवून पाहिली. दार, बॉनेट, मडगार्ड. टणटण. पुट्टी कुठे नाही. सांध्यांना जीभ लावली. मीठ नाही. नटबोल्ट नव्या पैशासारखे.

"बघ," जीवन हसला. "आता बोल."

मी गोणपाट टाकून खाली शिरलो. गाडीची खरी कुंडली तळाला असते. तिथे पण एक ठिपका नाही. मी खालच्या पत्र्यावर तीनदा पेर वाजवलं. टण, टण, टण.

वरून उत्तर आलं. तीनदा.

"जीवन, पाय आपटू नको."

मी परत तीनदा वाजवलं. वरून परत तीनदा, जरा घाईने. मग मला जीवनचा आवाज ऐकू आला... लांबून, फाटकाबाहेरून, फोनवर कोणालातरी शिव्या देत होता. मान वळवली तर गाडीशेजारी फक्त कोंडाजीचे दोन अनवाणी पाय दिसले. ते मागे मागे जात होते.

मी बाहेर आलो. गाडी रिकामी होती.

"कोंडाजी... ही गाडी पाण्यात गेली व्हती काय?"

त्याने आधी समुद्राकडे बघितलं. "खोटं न्हाय सांगायचा, दादा. शेट वाळूवर घेऊन गेले व्हते. भरती चढली. तीन भरत्या वरनं गेल्या, मग ओढून काढली."

"आणि शेट?"

"काचा वर व्हत्या. दारं आतनं बंद. आत कोनी न्हवतं."

आता मी काय सांगतो ते नीट वाचा. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाला उघाडी असते, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार. तिच्या झडपेला लोखंडी पत्रा असतो. त्या पत्र्याचा जो भाग कधी ओला, कधी सुका, तो दोन वर्षांत सडतो. जो भाग कायम पाण्याखाली गाळात, तो बापाच्या वेळचा असला तरी शाबूत निघतो. हे आम्हाला शाळेत शिकवावं लागत नाही. तीन भरत्या प्यायलेली आणि सहा पावसाळे खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी, आणि गंजाचा ठिपका नाही...

जीवन आत आला तेव्हा मी सांगून टाकलं. "घेऊ नको. ही गाडी अजून पाण्याखालीच हाय."

"काय?"

"गंजलेली असती तर घे म्हणालो असतो. सडका पत्रा कापून नवा लावता येतो."

जीवन कोंडाजीकडे वळून हसला. परक्या माणसासमोर. "म्हाताऱ्याचे कान गेले व्हते, आता डोकं पण गेलं. याला गंज दिसला तर वाईट, न्हाय दिसला तर अजून वाईट. माझी गाडी बघवत न्हाय, दुसरं काय."

पंचेचाळीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. मी पिकअपमध्ये जाऊन बसलो.

शेटच्या घरच्यांनी पाठवलेल्या कागदांवर सह्या होईतो पावणेदोन झाले. कोंडाजी घाई करत होता. चावी देताना त्याने जीवनचा हात धरून ठेवला. "तीनच्या आत जिथं जायचं तिथं जा. आणि काचा... काचा वर नका करू."

"एवढ्या उन्हात? एसी कशाला दिलाय मग?"

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. मी मागून निघालो. श्रीवर्धन मागे पडलं, म्हसळा आलं. तिथे चहाला थांबू म्हणून मी हॉर्न दिला, तो थांबला नाही. काचा वर होत्या. रस्ता तापून पांढरा पडला होता आणि लाल गाडीच्या मागे दोन ओल्या रेघा उमटत होत्या. एसीचं पाणी असेल म्हटलं. पण एसीचं पाणी चाकाबरोबर पडत नाही.

तेव्हा मला कोंडाजीचं तीन आठवलं आणि मी तिथी मोजली. आमच्यात सगळ्यांना हा हिशेब येतो. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पुरी भरते ते कळतं. चतुर्थी. चार पाऊण, तीन. घड्याळात पावणेतीन झाले होते.

मी पाय दाबला. पिकअप ओरडली, पण घाटाच्या पहिल्या चढावर मी त्याच्या बाजूला आलो.

गाडीत पाणी होतं.

हिरवट, गढूळ, खाडीचं असतं तसं. काचेच्या निम्म्यावर पाण्याची रेघ. वळणाला गाडी कलली, पण रेघ कलली नाही, समुद्राची कलत नाही तशी. जीवन छातीपर्यंत बुडालेला होता आणि समोर बघत गाडी चालवत होता, जसं काही त्याला कळतच नव्हतं. मग पाणी त्याच्या हनुवटीला लागलं आणि त्याला कळलं.

गाडी कठड्याला घासून थांबली. जीवन दाराशी झटत होता. दार उघडेना. तोंड उघडं, आवाज नाही. मुठी काचेवर पडत होत्या, पण त्यांचा आवाज फार लांबून आल्यासारखा... पाण्याखालून येतो तसा. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं आणि त्याचे केस वर तरंगले.

माझी हातोडी पिकअपमध्ये असतेच. ती घेऊन धावलो. काच कुठे फुटते हे हाताला माहीत होतं. खालच्या कोपऱ्यात एकच घाव घातला.

पाणी माझ्या अंगावर आलं. थंडगार. ओहोटीच्या चिखलाचा वास. मी जीवनला काखेत धरून खिडकीतून ओढला आणि रस्त्यावर पालथा घातला. पाठीवर थापा मारल्या. तो ओकला, खोकला, श्वास घेतला. मी वर बघितलं तर रस्ता कोरडा, माझा सदरा कोरडा, गाडीची सीट कोरडी. आंब्याच्या झाडावर एक कावळा बसला होता, बस.

"ऊन लागलं..." जीवन म्हणाला. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द तो. मग फुटलेली काच बघितली. "काका... माझी काच फोडलीस."

त्याच्या कपाळावर पांढरं मीठ सुकलं होतं. मी बोट लावून चाखलं.

"दर्याचं हाय."

"घाम पण खारटच असतो, काका."

घामाचं मीठ आणि दर्याचं मीठ मला कळत नाही, हे त्याने मला सांगितलं. मला.

इथवर मी सगळ्यांना सांगतो. पुढचं आजवर कोणाला सांगितलं नाही. त्याला एका हाताने धरून मी पिकअपकडे नेत होतो, तेव्हा मागून आवाज आला. डाव्या बाजूची काच अजून वर होती. त्या काचेवर आतून कोणीतरी वाजवलं. तीनदा, पेराने, मी गाडीखाली वाजवलं होतं तसंच. थांबलं. परत तीनदा. मी वळलो नाही. हातोडी हातात होती, ताकद पण होती. तरी मी गेलो नाही.

गाडी ट्रेलरवर घालून आणली ती आज पण त्याच्या अंगणात उभी आहे. माझा घाव बसला तिथून गंज सुरू झाला आणि एका पावसाळ्यात ती पार सडली, अस्सल लोखंड सडतं तशी. बोट घातलं तर आरपार जातं. नाक्यावरचे डेंटर येऊन बघून जातात आणि मला नमस्कार करतात. सगळी गेली, फक्त डावी काच तेवढी शाबूत आहे. दर संकष्टीला दुपारी ती आतून ओली होते आणि तीनच्या ठोक्याला जीवनच्या घरातले लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. कशासाठी, ते मी विचारत नाही. मला ऐकू येतं. माझे कान गेलेले नाहीत.

पण माझे कान आणि डोकं शाबूत आहेत हे चारचौघांत कबूल करून, काका चुकलो, एवढे दोन शब्द बोलायला जो अजून माझ्या दारात आलेला नाही, तो माझ्या सख्ख्या भावाचा, बाळाजीचा मुलगा, जीवन.