सोड म्हणायचं राहिलं

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीही ठेवला नसता. पण यातलं अर्धं माझ्या मावशीसमोर घडलं, अर्धं माझ्या आईसमोर आणि शेवटचं माझ्यासमोर. आम्हा तिघींपैकी एकीलाही गोष्टी रचून सांगायची हौस नाही.

रात्र नव्हती. पडका बंगला नव्हता. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते, आणि जागा होती वनस्पती उद्यान. तिकीट काढून आत जायचं, झाडांवरच्या पाट्या वाचायच्या आणि बाकावर बसून डबा खायचा, असली साधी जागा.

पाऊस मात्र सकाळपासून कोसळत होता.

मावशी फोटोग्राफर. पण माणसांची नाही, झाडांची. माणसं फोटोत पोट आत ओढतात, झाडं तसली लबाडी करत नाहीत, असं तिचं म्हणणं. या उद्यानातल्या प्रत्येक झाडाचा फोटो असलेलं एक पुस्तक करायचं काम तिच्याकडे होतं. सात वर्षं ते चाललं होतं, आणि सातही वर्षं काका, म्हणजे तिचे यजमान, तिच्याबरोबर होते. नोकरी संपल्यावर त्यांनी स्वतःच स्वतःला तिचा मदतनीस नेमलं. पगार नाही, सुट्टी नाही, वर बोलणी.

काकांचं मुख्य काम म्हणजे धरणं. वाऱ्यानं फांदी हलली की फोटो पुसट येतो. म्हणून कुणीतरी ती चौकटीच्या बाहेरून, दोन बोटांच्या चिमटीत, घट्ट धरायची. मावशी कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणायची, "धर." काका नाकानं जोरात श्वास ओढायचे आणि रोखायचे. श्वासानंही फांदी हलते, असा त्यांचा सिद्धांत. फोटो झाला की मावशी म्हणायची, "सोड." मग काकांचा मोठा "हुश्श" ऐकू यायचा.

त्याआधी नाही. एकदा मावशी भिंग पुसण्याच्या नादात सोड म्हणायला विसरली, तर हे लालबुंद होऊन तसेच उभे. हुकमाशिवाय सोडणार नाही म्हणजे नाही.

आणखी एक गंमत होती. घरात मावशी त्यांना अहो-जाहो करते, पण कॅमेरा हातात आला की सरळ अरे-तुरे. काका सगळ्यांना सांगायचे, "घरात मी अहो, झाडाखाली मी अरे. झाडाखाली जरा तरुण असतो."

त्या मंगळवारच्या आधी तीन आठवडे काकांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेतलं आणि आता फार दिवस तग धरून राहतील असं वाटत नाही, म्हणून सांगितलं. सोमवारी रात्री श्वास अडखळायला लागला. आई मुक्कामालाच आली. मावशी पलंगाजवळची खुर्ची सोडायला तयार नव्हती.

मंगळवारी सकाळी फोन आला तो उद्यानातल्या माळ्याचा.

तळ्यापलीकडचं झाड फुललं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पुस्तकातलं तेवढंच एक झाड बिनफोटोचं राहिलं होतं, आणि काका दर महिन्याला त्याच्या खोडावर टिचकी मारून "काय राव, कधी?" असं विचारून यायचे. माळी म्हणाला की एवढ्या पावसात फुलं संध्याकाळपर्यंत काही टिकत नाहीत.

मावशीनं फोन ठेवला आणि जाणार नाही म्हणाली. पण काकांनी ऐकलं होतं. त्यांनी डोळे खुंटीवरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे नेले. मग मावशीकडे. मग परत पिशवीकडे.

"तासाभरात येते. तोवर थांबा हं," मावशी त्यांना म्हणाली, आणि निघाली.

वाटेत रिक्षात ती सारखी चप्पल काढत होती, घालत होती. आपण चुकतोय असं तिला आतून वाटत होतं.

उद्यानात चिटपाखरू नव्हतं. माळ्यानं फाटक उघडून दिलं आणि तो रोपवाटिकेकडे पळाला, कारण तिकडं गटार तुंबून पाणी आत शिरत होतं. मावशी एकटीच तळ्याला वळसा घालून गेली. एका खांद्यावर स्टँड, दुसऱ्यावर पिशवी, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची टोपी. छत्री धरायला तिसरा हात नव्हता, तेव्हा तीच भिजली.

झाड खरोखर फुललं होतं. तळहाताएवढी पांढरी फुलं, आणि वाऱ्यानं सगळं झाड नुसतं घुसळून निघत होतं. एक फांदी बरोबर डोळ्यांच्या उंचीवर आली होती.

तिनं स्टँड लावला. ढगांमुळे उजेड इतका कमी की शटर अर्धा सेकंद उघडं ठेवावं लागणार. अर्ध्या सेकंदात ती फांदी वीतभर इकडून तिकडे जात होती. मावशीच्या डोक्यात फक्त घर होतं. घड्याळ होतं. लवकर आटपायचं होतं. तिनं डोळा कॅमेऱ्याला लावला आणि सात वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून शब्द निघून गेला.

"धर."

फांदी थांबली...

एकदम. खिळ्यानं ठोकल्यासारखी.

तिनं बटण दाबलं. एक. दोन. तिसरा फोटो जरा मागे सरकून, मोठ्या चौकटीत. हात आपोआप चालले होते. मग मेंदू जागेवर आला.

आपण कुणाला म्हणालो?

तिनं डोळा बाजूला घेतला. झाड अजून घुसळत होतं. वरच्या फांद्या, खालच्या फांद्या, मागचा बांबू, सगळं. मधली ती एक फांदी मात्र हवेत स्तब्ध. फुलाच्या पाकळीच्या टोकावर एक थेंब लोंबत होता, तोसुद्धा पडत नव्हता.

फांदीपाशी कुणी नव्हतं.

आणि मग तिच्या लक्षात आलं की धर म्हटल्याबरोबर तिनं काहीतरी ऐकलं होतं. पावसाच्या आवाजात, अगदी जवळून...

नाकानं जोरात ओढलेला श्वास.

ती वाट बघत उभी राहिली. कशाची, ते तिला नीट ठाऊक होतं. त्या श्वासाच्या सुटण्याची. तो सुटला नाही. पाऊस पडत राहिला, बेडूक ओरडत राहिले, आणि त्या एका फांदीजवळ कुणीतरी श्वास रोखून थांबलं होतं.

मावशी भित्री नाही. पण त्या दिवशी तिनं स्टँड मिटलासुद्धा नाही. तसाच काखोटीला मारला आणि चिखलातून धावत सुटली.

फाटकापाशी माळी भेटला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात फावडं. त्याला काकांच्या आजारपणाचं काहीच माहीत नव्हतं.

"झाला का फोटो?" तो म्हणाला. "आणि काका कुठे राहिले?"

मावशी फाटकाची कडी काढायला लागली.

"मघाशी लांबून बघितलं मी. सगळं झाड हलत होतं, एकच फांदी हलत नव्हती. म्हटलं, काका मागून आलेले दिसतात."

तिनं रिक्षा कशी पकडली, ते तिला आठवत नाही.

आता घरी काय झालं ते आईकडून ऐकलेलं सांगते.

मावशी गेल्यावर काकांचा श्वास आणखी अडखळला. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. आई त्यांचा डावा हात हातात घेऊन बसली होती आणि मनात म्हणत होती, ताई, ये लवकर. सव्वाअकराच्या सुमारास श्वास थांबला. आईला वाटलं, संपलं. ती उठून घड्याळ बघायला वळली...

मागून श्वास ओढल्याचा आवाज आला.

ती वळली. काकांचा उजवा हात, तीन आठवडे लाकडासारखा पडून राहिलेला तो हात, पलंगावरून वर उठत होता. छातीच्या वर, हवेत जाऊन थांबला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांजवळ आलेलं. मध्ये एखाद्या देठाएवढी फट.

तो हात पुन्हा खाली आला नाही.

मावशी दारात पोचली तेव्हा तो तसाच होता. तिनं तो बघितला आणि पिशवीसकट जमिनीवर बसली. भिजलेल्या कपड्यांनी तशीच बसून राहिली. नंतर कॅमेरा काढून तिनं तिसरा फोटो बघितला, आईलाही दाखवला. मीही तो बघितला आहे. मागचं सगळं झाड धुरकट, हललेलं. एक फांदी सुईसारखी स्पष्ट. आणि देठाजवळचं एक पान दोन्ही बाजूंनी दबलेलं. पावसाचं पाणी त्या पानावरून वाहत येतं, मध्येच थांबतं आणि वळसा घालून पुढे जातं. तिथं काहीतरी आहे. फोटोत दिसत मात्र नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. नाडी तपासली, दोनदा तपासली. नाडी चांगली होती. श्वास इतका बारीक की नाकाशी आरसा धरावा लागला, पण होता. हात खाली दाबून बघितला, तो हलला नाही. आखडला असेल, म्हणाले. होतं असं कधीकधी. पण जिना उतरताना त्यांनी आईला हळूच विचारलं की हा माणूस अजून आहे कसा.

रात्र गेली. आठवडा गेला. हाताला आधार म्हणून आईनं खाली उशी ठेवली. हात उशीवर टेकला नाही. मध्ये बोटभर अंतर ठेवून तसाच राहिला. चोवीस तास.

शेवटी आईनंच विषय काढला. "ताई, मला भीती वाटते. त्यांना कशानंतरी धरलंय."

"त्यांना कुणी नाही धरलंय," मावशी म्हणाली. "त्यांनी धरलंय."

"मग एकदा सोड म्हण ना. किती दमले असतील ते."

मावशीनं तिच्याकडे असं बघितलं की आईनं पुन्हा तो शब्द काढला नाही. मावशी रागावली होती, आणि त्याहून जास्त घाबरली होती. माणूस आहे ना, ती म्हणाली. समोर आहे ना माझ्या? एका शब्दानं मी त्यांना घालवू? त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्दच बंद झाला. आई गाठ मोकळी कर म्हणते, नळ चालू कर म्हणते, विषय टाकून दे म्हणते. मावशीसमोर आम्ही सगळेच जीभ सांभाळून बोलतो. नवीन माणूस ऐकेल तर हसेल.

माळ्याचा मध्ये एकदा फोन आला होता. बाकी फुलं त्याच संध्याकाळी गळाली, म्हणाला. एक राहिलंय. सुकतही नाही आणि पडतही नाही. येऊन बघता का? मावशी नाही म्हणाली. तो आता त्या वाटेनं जात नाही, हे त्यानं आईला वेगळं सांगितलं.

या सगळ्याला पाच महिने झाले.

मागच्या रविवारी दुपारी मी तिकडे होते. मावशी आत पेज गाळत होती, मी काकांजवळ बसले होते. खूप बारीक झालेत ते. वर धरलेल्या हाताची कातडी लोंबते, पण चिमूट तशीच घट्ट. बोटांची टोकं पांढरी पडलेली. मी मोबाईल बघत होते. उगाचच वाटलं की कुणीतरी बघतंय.

मान वर केली. काका माझ्याकडे बघत होते.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ओठ हलले. आवाज आला नाही, नुसती हवा. मी जवळ वाकले. पुन्हा तेच. दात जवळ आले, मग ओठांचा गोल झाला, मग जीभ वर टाळूला लागली.

एकच शब्द. तीनदा.

मला समजला. पहिल्यांदाच समजला होता. नंतरच्या दोन वेळा मी फक्त आपण चुकत असू या आशेनं बघितलं.

तेवढ्यात मावशी वाटी घेऊन दारात आली. तिनं त्यांचे ओठ हलताना पाहिले आणि तिचा चेहरा असा उजळला की पाच महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता.

"बोलतायत?" ती म्हणाली. "काय म्हणतायत गं?"

काका माझ्याकडेच बघत होते.

"पाणी मागतायत," मी म्हणाले.

मावशी लगबगीनं भांडं घेऊन आली. पलंगाच्या कडेला बसली आणि चमच्यानं त्यांना पाणी पाजायला लागली. रडत होती, हसत होती. "अहो, बरे होताय तुम्ही, बोलायला लागलात," असं सारखं म्हणत होती. मी मान खाली घालून बसून राहिले.

पाणी म्हणताना ओठ एकदा मिटतात. तुम्ही म्हणून बघा. काकांचे मिटले नव्हते.

मी खोटं बोलले, हे त्यांना माहीत आहे. मावशीला माहीत आहे की नाही, ते मला कळत नाही. निघताना तिनं मला जवळ घेतलं आणि बराच वेळ घट्ट धरून ठेवलं. येत्या रविवारी पुन्हा जायचंय. काकांजवळ बसायची पाळी माझी आहे.