बिरजूच्या घरची वाट

माझे गुडघे गेले आणि बांगड्यांचा धंदा गेला, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. एकतीस वर्षं अहेरीच्या आसपासच्या बाजारांतून पेटी घेऊन फिरलो. कोणत्या गावाला कोणत्या नाल्यातून जायचं, पावसाळ्यात कुठून वळसा घ्यायचा, कोणाच्या अंगणातलं कुत्रं चावरं, सगळं पायांना पाठ. आता पायच राहिले नाहीत तर त्या पाठांतराचं करायचं काय? घरी बसून बायकोची बोलणी खायची. नूरी त्या बाबतीत कधी कमी पडली नाही.

तेवढ्यात चंद्रपूरच्या एका नव्या कंपनीला माझ्यासारख्या माणसाची गरज पडली. इंटरनेटवर काही शोधायचं तर लोक ज्या दोन-तीन बड्या कंपन्यांकडे जातात, त्यांना टक्कर द्यायला ही मंडळी निघाली होती. त्यांच्या सर्च इंजिनचं नाव वाटाड्या. फोनमध्ये बोलून विचारायचं आणि उत्तरही बोलूनच मिळायचं, ते पण आपल्या बोलीत. ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'त्यांना रस्ता माहीत, आपल्याला वाट.'

दीपिका मॅडमनी मला एक फोन दिला आणि काम समजावलं. "वहाबभाऊ, मशीनला जे येत नाही ते तुमच्याकडे येईल. प्रश्न वाचायचा. नकाशावर लाल ठिपका दिसेल, विचारणारा तिथं उभा आहे असं समजायचं. बटण दाबून उत्तर बोलायचं, की ठिपका हिरवा. पण एका तासाच्या आत. 'काही सापडलं नाही' असं ते मोठे म्हणतात. आपल्याकडे हे वाक्यच नाही."

सरावासाठी तिनं मला माझ्याच घरची वाट सांगायला लावली. मी सुरू केलं, "अहेरीच्या बसस्टँडवरून सरळ ये. आटाचक्कीपासून आत वळ." तेवढ्यात गुडघ्यातून कळ निघाली. "थांबा, गुडघा," म्हणून मी खुर्चीत बसलो आणि उरलेलं सांगितलं, "निळं दार. कडी वाजव." पुन्हा घ्या म्हटलं तर मॅडम हसली. "राहू द्या भाऊ. माणूस बोलल्यासारखं वाटतं."

पहिला महिना बरा गेला. मग मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा जवळ आली. जत्रेत लाखभर माणूस वाट विचारणार, तेव्हा आपलं इंजिन मोठ्यांच्या पुढे दिसलं पाहिजे, असं वरून आलं. रोजचे वीस प्रश्न होते त्याचे साठ झाले. हाडवैद्य मंगळवारी भेटतो का? तेलाचा घाणा कुठं? वैनगंगेच्या कोणत्या काठानं चालत गेलं तर सावली? घसा सुकायचा, डोळे चुरचुरायचे, ताटातली भाकर वातड व्हायची. विचारणाऱ्याचा आवाज ऐकायची सोय होती, पण मी तो ऐकणंच सोडलं. प्रश्न वाचायचा, उत्तर बोलायचं, पुढचा.

एक दिवस दुपारी त्रेपन्नावा प्रश्न आला. 'येरमटोल्याले बिरजूच्या घरी कसं जायचं?'

इथं मी थांबायला पाहिजे होतं. येरमटोला अहेरीपासून चौतीस किलोमीटर, जंगलात. बिरजू त्या गावचा. मागच्या मोहाच्या हंगामात फुलं वेचायला गेला आणि अस्वलानं फाडला. नाल्यापलीकडे त्याला पुरला तेव्हा मी तिथं होतो. त्याची बायको बुधरी मला भाऊ म्हणते, तिच्या लग्नाचा चुडा मी भरला होता. त्या गावची एक रीत आहे. माती देऊन परत येताना माणसं मागं वाटेवर बोरीचे काटे टाकतात. आणि मेलेल्याच्या नावाचा दगड उभा होईपर्यंत त्याच्या घरची वाट कोणी तोंडानं सांगत नाही. पाहुणा आला तर हात धरून नेतात. बिरजूची म्हातारी आई बायनाबाई, तिनंच मला कधी सांगितलं होतं, "नव्या मेलेल्याले मानसं याद रायतात, वाट याद नाई रायत. ज्याच्यात जीव अडकला, त्याले नेयाले येते तो."

बिरजूचा जीव कोणात होता हे साऱ्या गावाला माहीत होतं. मयुरी, त्याची पाच वर्षांची पोट्टी. खांद्यावरून खाली उतरवायचा नाही तिला. बिरजूचा दगड या उन्हाळ्यात उभा करायचा होता.

मी नमाजी माणूस. पण एकतीस वर्षांत कोणत्याही गावची रीत मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली, आणि तीही काही विचार करून नाही, कंटाळ्यानं. कोणी पाहुणा असेल म्हटलं. "नाला ओलांड. मोहाच्या जोडझाडांमधून निघ. पुढं कवठाचं झाड, त्याच्यापाशीच घर." ठिपका हिरवा झाला आणि मी चोपन्नावा प्रश्न उघडला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आला. 'नाला झाला. जोडझाडं कोणत्या हाताले?'

"उजव्या," मी बोललो. मेला चोवीस तास तिथंच उभा होता की काय, अशी चीड आली. हिरवा झाल्यावर नकाशाकडे पाहिलं तर ठिपका नाल्याच्या अल्याड होता. कालचा काढून पाहिला. तो पल्याड, जिथं सागवानाशिवाय काही नाही. सागवान आणि बिरजूची माती.

मॅडमला फोन लावला. "येरमटोल्यात टॉवरच नाई मॅडम. फोन लागत नाई तिथं. विचारून कोन राह्यलं?"

"लोकेशन चुकतं हो, भाऊ. चार-पाच किलोमीटर इकडंतिकडं होतं. तुम्ही उत्तर दिलंत ना?"

"दिलं."

"मग झालं तर."

झालं तर झालं. मी हिशोबी डोक्याचा माणूस आहे, मशीन चुकतं हे मला पटतं. जेवलो, झोपलो.

तिसऱ्या दिवशी मी प्रश्नाची वाटच पाहत बसलो होतो. बाराला दहा कमी असताना आला. 'वाटेवर काटे काऊन टाकले?'

या खेपेला मी विचारणाऱ्याचा आवाज लावला. आधी बराच वेळ वाळलेल्या पानांवरून काहीतरी चालत होतं. सागाची पानं, फेब्रुवारीत ती पापडासारखी वाजतात. मग चालणं थांबलं. श्वास नव्हता. माणूस चालून थांबला की निदान श्वास ऐकू येतो. बोलणं तर नव्हतंच, तरी पडद्यावर प्रश्न स्वच्छ लिहिलेला.

मी फोन पालथा ठेवला. उत्तर द्यायचं नाही म्हणजे नाही. कंपनी गेली खड्ड्यात.

तासाभरानं नूरीनं चहा आणला आणि फोन उचलून बाजूला केला. "हे हिरवं काय लागलंय?" तिनं विचारलं.

मी उत्तर वाजवून पाहिलं. आवाज माझा होता. थकलेला, दुपारच्या साठाव्या उत्तराचा.

"बाजूनं निघून जा," मी म्हणत होतो.

त्याच्या खाली अजून एक प्रश्न होता, तोही हिरवा झालेला. 'मयुरी कुठी खेळते?'

आणि माझं उत्तर. "घराच्या मागं, कवठाखाली. दुपारी एकटीच रायते."

या अल्ला! मी गाडीला किक मारली तेव्हा गुडघ्याचं भानही नव्हतं. चौतीस किलोमीटर मी मलाच शिव्या देत गेलो. मशीन माझा आवाज शिकलं असेल, असं एक मन म्हणत होतं. आवाज शिकेल बाबा. पण ती पोट्टी कवठाखाली खेळते हे मी त्याला कधी सांगितलं होतं?

येरमटोल्याला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. गाव मोकळं, माणसं कामावर. मी आधी नाल्याकडच्या मागच्या वाटेनं गेलो. बोरीचे काटे जिथल्या तिथं होते, कोणी हलवलेही नव्हते. पण त्यांच्या बाजूनं सागाच्या पानांच्या थरात एक ताजी पट्टी उमटली होती. पानं चुरलेली. एकाच माणसाच्या पायाएवढी रुंद. ती पट्टी कवठाच्या झाडापर्यंत गेली होती.

मयुरी झाडाखाली बसली होती. धडधाकट. मी तिच्याजवळ खालीच बसलो.

तिच्यासमोर पानांचे दोन द्रोण होते. एक तिचा. दुसऱ्यात पाणी भरून ठेवलेलं.

"कोनासाठी हाय व हे?" मी विचारलं.

"बाबा आला होता, मामा. पानी नाई प्याला, गेला पयतं. तुमची गाडी वाजली ना." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमीच त्याले वाट सांगतली म्हने."

बुधरी मागून आली होती. तिनं ते ऐकलं. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी सगळं सांगितलं, कंटाळ्यासकट. खोटं बोलायला तोंड कुठं होतं?

"भाऊ," ती एवढंच म्हणाली, "तुमाले तं मालूम होतं."

बायनाबाई रडली नाही, ओरडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि हुकूम सोडल्यासारखी बोलली. "उन्हाळ्याची वाट नाई पाहाची आता. रविवारी दगड उभा करतो. तवर पोट्टी गावात नाई पायजे. त्याले मालूम नाई अशा घरी ने."

बिरजू माझ्या घरी कधी आला नव्हता. बांगड्यावाल्याकडे कोण जातो? बांगड्यावालाच घरी येतो. मी बुधरीला आणि मयुरीला गाडीवर घेतलं आणि अहेरीला मागच्या अंगानं, लाकूड डेपोच्या रस्त्यानं शिरलो. नूरीनं चूल पेटवून पाणी तापत ठेवलं. पोरीला न्हाऊ घातलं, खिचडी चारली, स्वतःजवळ झोपवलं. कुराणातली आयत म्हणून दारावर फुंकर मारली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी कंपनीचा फोन बंद केला, खोक्यात घालून चिकटपट्टी मारली आणि चंद्रपूरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिला. एवढं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. बुधरी पहिल्यांदा पोटभर जेवली. मयुरी अंगणात नूरीच्या कोंबड्यांमागं पळत होती. तीन दिवस काढायचे होते, त्यातला एक निघाला.

शुक्रवारी मी नमाजहून आलो तर नूरीच्या मोबाइलवर दीपिका मॅडम.

"वहाबभाऊ, कमाल केलीत! एकाच प्रकारचे प्रश्न आम्ही तिन्ही इंजिनांना विचारून बघितले. ते दोघं गप्प, आणि आपलं एकही रिकामं नाही. कालपासून तुम्ही एकट्यानं एकशे चाळीस उत्तरं दिलीत. जरा आराम करा हो, आवाज किती थकलाय."

"मॅडम, फोन तुमच्याकडे पाठवला ना कालच. राजीनामा हाय त्यात."

"खोकं आलंय, भाऊ. माझ्या टेबलावरच आहे." मग हळूच, "चिकटपट्टी अजून काढलेली नाही."

मी फोन ठेवला. दुपारची वेळ. नूरी आणि बुधरी अंगणात गहू निवडत होत्या. घरात गारवा होता, आणि मागच्या खोलीतून बारीक आवाज येत होता. मयुरी बडबडगीत म्हणतेय असं वाटलं.

ती खिडकीच्या गजांना धरून उभी होती. बाहेर गल्ली मोकळी.

"बसस्टँडवरून सरळ ये," ती म्हणत होती. "आटाचक्कीपासून आत वळ."

आम्ही डेपोच्या रस्त्यानं आलो होतो. तिनं बसस्टँड पाहिला नव्हता. आटाचक्की पाहिली नव्हती.

"थांबा, गुडघा," ती म्हणाली. अगदी माझ्यासारखं.

"मयुरी," मी जवळ जाऊन विचारलं. "कोनाले सांगतेस व?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "मी नाई सांगत, मामा. बाबा पाठ करून राह्यला. चुकला का मी सांगते."

ती पुन्हा गल्लीकडे वळली आणि कान देऊन ऐकू लागली. शाळेतल्या बाईसारखी मान हलवत. बरंच लांबलचक ऐकलं तिनं. शेवटी तिचा चेहरा फुलला.

"हं," ती म्हणाली. "आता नाई चुकला."

पुढच्या दाराची कडी वाजली.