हिरव्या शाईची तबकडी

चष्म्याच्या दुकानाला रविवारी सुट्टी, आणि तबकडीरावांचं खरं काम रविवारीच. आठवडाभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत बसायचं, 'आता बरं दिसतंय की मघाशी?' असं विचारून विचारून घसा सुकवायचा, आणि रविवारी सकाळी भंगारवाल्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं आणि पाटीवरच राहिलं. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना तबकडीरावच म्हणत. बायको मात्र तबकड्यांना 'माझ्या काळ्या सवती' म्हणायची.

"दोन सवती एका घरात नांदत नाहीत म्हणतात," ती म्हणे, "इथं कपाटभर नांदतायत, आणि त्यांची धूळ पुसायला मी."

हे वेड ज्याला नाही त्याला समजावणं कठीण. गंजलेल्या पंख्यांच्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात हात घालायचा, बोटं काळी करून घ्यायची, आणि एखादी अनोळखी तबकडी लागली की ती उजेडात तिरकी धरायची. मग घरी आणून साबणाच्या पाण्यात धुवायची, ताटांच्या मांडणीत ताटांशेजारीच निथळत ठेवायची. ग्रामोफोनला चावी द्यायची, सुई टेकवायची. आधी नुसती खरखर, आणि मग कित्येक वर्षांत कुणी न ऐकलेला माणूस गायला लागे. या घटकेला जगात हे गाणं फक्त आपण ऐकतोय, या विचाराची गोडी त्यांना सगळ्यात जास्त होती. तीच पुढं अंगाशी आली.

गल्लीच्या टोकाला, जिना चढून वरच्या खोलीत मास्तर राहत. तबकडीरावांना त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. आता एकटेच होते, थकले होते. तबकडीरावांच्या रविवारच्या फेऱ्या त्यांना ठाऊक होत्या, म्हणून एकदा त्यांनी एक काम सांगितलं.

"आमचं लग्न नवंच होतं तेव्हा. गावात प्रदर्शन भरलं होतं, आणि त्यात एक काचेची खोली होती. आत उभं राहून गायचं, की तबकडी कापून लगेच हातात देत. आमची ही आत गेली. गाणं तिनंच रचलेलं, मला कधी म्हणूनही दाखवलं नव्हतं. मी बाहेर उभा. काच ही जाड. मला नुसते तिचे ओठ हलताना दिसले. बाहेर आल्यावर म्हणाली, ऐकू आलं का तुम्हाला? एवढी खुशीत होती, आता काय सांगणार? हो म्हणालो."

"मग घरी वाजवली असेल ना?"

"यंत्र कुठं होतं घरात? घेऊ घेऊ म्हणत राहून गेलं. घर बदलताना तबकडी हरवली. पुढं तीही गेली." मास्तरांनी आवाज खाली आणला. "तिला खोटं हो सांगितलंय रे मी. एकदा ते गाणं कानावर पडू दे, म्हणजे खरं होईल. मग मी जायला मोकळा."

तबकडीवर जत्रेतल्या उंच पाळण्याचं छापील चित्र होतं, आणि त्याखाली तिनं हिरव्या शाईनं 'तुमच्यासाठी' असं लिहिलं होतं, एवढी खूण त्यांनी सांगितली. तबकडीरावांनी शब्द दिला. तेव्हा तो मनापासून दिला होता.

आणि ती सापडली. भंगारवाल्याकडे शिलाई मशीनच्या फुटक्या झाकणाखाली, जुन्या पाट्यांच्या गठ्ठ्यात. हाताला एकदम हलकी. पत्र्याच्या चकतीवर काळ्या रोगणाचा थर, मधे पाळणा, आणि पाळण्याखाली हिरवी शाई. तबकडीराव तिथंच खाली बसले. मग उठून थेट मास्तरांच्या जिन्यापर्यंत गेलेही. पहिल्या पायरीवर विचार आला, आत काही उरलंच नसेल तर म्हातारा हाय खाईल. आधी धुवून, वाजवून बघितलेलं बरं.

दुपारी बायको शेजारी गेली असताना त्यांनी सुई टेकवली. खरखरीतून एक कोवळा आवाज वर आला. शिकलेला नव्हता, मधेच श्वास अपुरा पडत होता, पण चाल अशी की तबकडीरावांनी आयुष्यात तिच्या जवळपासचंही काही ऐकलं नव्हतं. गाणं संपलं. मग ती बाई गाण्यातून बाहेर येऊन साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणाली, "अहो, ऐकू आलं का तुम्हाला?" तिथं रेघ संपली आणि सुई मधल्या कागदाला टेकली.

त्यांनी पुन्हा लावली. मग पुन्हा.

अशी तबकडी फार वाजवायची नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रोगण मऊ असतं. लोखंडी सुई दर वेळी थोडं गाणं खरवडून नेते. आपण मास्तरांचं गाणं झिजवतोय हे त्यांना कळत होतं, आणि हात तरीही चावीकडे जात होता. एकदा मास्तरांकडे गेली की गेली, जगात दुसरी प्रत नाही.

"मास्तरांची सापडली का हो?" बायकोनं संध्याकाळी विचारलं.

"नाही अजून," ते म्हणाले. आणि म्हणताना त्यांना स्वतःचीच किळस आली.

निदान नक्कल करून घेऊ, मग मूळ देऊन टाकू, म्हणून त्यांनी टेप लावून बघितला. टेपवर नुसती खरखर आली. दुसरा टेप लावला, तेच. आता नक्कल होत नाही म्हटल्यावर देण्याची घाई कशाला, असं त्यांच्या मनानं लगेच ठरवलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

मास्तर एकदा काठी टेकत दुकानात आले. नंबर वाढला होता. तबकडीराव त्यांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत राहिले, पण डोळ्यांत बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

"डोळ्यांचं जाऊ दे रे," मास्तर म्हणाले. "कान शाबूत आहेत तोवर काही सापडलं का सांग."

"नाही मास्तर."

"सापडेल. तू शब्दाचा पक्का आहेस."

त्या दिवशी दुकान लवकर बंद करून तबकडीराव घरी आले, आणि मन रमेना म्हणून त्यांनी तीच तबकडी लावली. गाणं झालं. "अहो, ऐकू आलं का तुम्हाला?" झालं. पण सुई कागदाला टेकली नाही. खरखर चालू राहिली. त्या खरखरीत कुणीतरी श्वास घेत होतं, उत्तराची वाट बघताना माणूस घेतो तसा. त्यांनी वाकून पाहिलं. रेघ संपलेली होती. सुई काळ्या गुळगुळीत पट्टीवर एका जागी उभी होती आणि तबकडी तिच्याखालून फिरत होती.

यंत्र जुनं झालंय, स्प्रिंग घसरत असेल, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी ग्रामोफोन उघडला, तेल दिलं, सुई बदलली. दुसऱ्या तबकड्या व्यवस्थित वाजल्या. हिला लावलं तर थांबणं आणखी लांबलं, आणि त्या थांबण्याच्या शेवटी बाई हळूच म्हणाली, "अहो?"

पुढच्या खेपेला म्हणाली, "आहात ना तिथं?"

तबकडीरावांनी सुई उचलली आणि तबकडी पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवली. काही दिवस ते तिकडे फिरकले नाहीत. घास गिळताना, भिंग घासताना मात्र तेच कानात. तिला वाट बघायला लावणारे आपण. ज्यानं उत्तर द्यायचं तो चार घरं पलीकडे बसलाय.

मग मास्तरांनी अंथरूण धरलं. बायको बघून आली, पदरानं डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. तुमचीच आठवण काढतायत. काय त्या गाण्याचं म्हणत होते."

ती स्वयंपाकघरात गेली. तबकडीरावांनी तबकडी बाहेर काढली. आत्ताच न्यायची, हे नक्की. पण हातातून जायच्या आधी एकदाच, शेवटची. त्यांनी चावी दिली.

गाणं झिजलं होतं. तरी आलं. मग तो प्रश्न आला, आणि मग ते थांबणं, पाणी भरून ठेवल्यासारखं जड. "अहो. आहात ना? काहीतरी बोला ना." आवाज रडवेला झाला होता. ऐकवेना. त्या पोरसवदा बाईची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि दोन्ही मिळून तोंडातून निघून गेलं.

"हो," तबकडीराव म्हणाले. "हो हो. आलं ऐकू."

आत कुकरची शिट्टी झाली. "कुणाशी बोलताय?" बायकोनं विचारलं.

कर्ण्यातून एक सुटकेचा श्वास आला. सुई सरकली आणि कागदाला टेकली.

एका हातात ग्रामोफोन, दुसऱ्या हातात पिशवी, असे ते मास्तरांचा जिना चढले. खिडकीतून दुपारचं ऊन गादीवर आलं होतं. मास्तर उशांना टेकून बसले होते.

"आजच सापडली," तबकडीराव म्हणाले.

मास्तरांनी तबकडी हातात घेतली. हिरव्या शाईवरून अंगठा फिरवला. मग ती परत दिली.

गाणं सुरू झालं तसे मास्तरांनी डोळे मिटले. काचेआडून जे ओठ हलताना पाहिले होते, त्यांवर आता एकेक शब्द बसत असावा. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. तबकडीरावांना वाटलं, झालं गेलं, शेवटी वेळेवर पोचलो.

"अहो, ऐकू आलं का तुम्हाला?"

मास्तरांनी डोळे उघडले. ओठ ओले केले. जन्मभराचा तो एक शब्द जिभेवर आणला.

"हो," कर्ण्यातून आवाज आला. "हो हो. आलं ऐकू."

पाठोपाठ कुकरची शिट्टी. आणि लांबून एक बाईमाणूस, "कुणाशी बोलताय?"

सुई कागदाला टेकली.

मास्तर तबकडीरावांकडे बघत होते. शाळेत वही न आणलेल्या मुलाकडे बघत, तसे, रागानं नाही.

"तुझा आवाज आहे," ते म्हणाले.

तबकडीरावांना मान वर करता आली नाही.

"तेव्हा तू जन्मलाही नव्हतास रे." मास्तरांना धाप लागली. "ती मला विचारत होती."

तबकडीरावांनी सुई उचलली. "मास्तर, चुकलो मी. माझ्याकडेच होती ती. मी..."

मास्तरांनी हातानंच थांबवलं. कोपरावर भार देऊन ते कर्ण्यावर वाकले. तोंड अगदी आत नेलं.

"हो," ते म्हणाले. "ऐकलं गं. सगळं ऐकलं. मी आहे इथं."

खरखर झाली. कुणीतरी श्वास घेतला.

"कोण बोलतंय?" कर्ण्यातली बाई म्हणाली. "ते तर मघाशीच हो म्हणाले."

मास्तर तसेच वाकलेले राहिले. तबकडीरावांनी खाली पाहिलं. तबकडी केव्हाच थांबली होती, आणि उचललेली सुई अजून त्यांच्याच हातात होती.